आतल्या भिंतीवरची आई

नोंग खेनच्या विहारात मुख्य दालनाभोवती रोवलेले सीमेचे आठ दगड ओलांडून आजवर एकही बाई आत गेली नव्हती. तरीही आत काय काय रंगवलंय हे फेंगआजीला गावातल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि ते सांगायची तिला भारी हौस होती.

बँकॉकहून गाडी आली की आजी पुढच्या दगडाला टेकून उभी राहायची. विड्याचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायची आणि सुरू व्हायची. बाहेरच्या भिंतींवर जुनी चित्रं होतीच. बायकांना आत जाता येत नाही म्हणून पूर्वजांनी त्यांच्यासाठी बाहेर काढून ठेवलेली. ती आलेल्यांनी आपापली बघावीत, फोटो काढावेत. आजी सांगायची ती आतली, तिच्या बापाने काढलेली.

"उजव्या भिंतीवर नरक आहे. तळाला मोठी कढई. तिच्यात जो उलटा पडलाय, पाय वर करून, तो आमचा शेजारी. त्याने बापाचा झुंजीचा कोंबडा चोरला होता. बापाने दुसरं काही केलं नाही, नेऊन कढईत घातला."

लोक हसायचे. मग आजीचा आवाज जरा खाली यायचा.

"डाव्या भिंतीवर मिरवणूक. हत्ती, वाजंत्री, ढोल. मिरवणूक बघायला गावच्या बाया उभ्या आहेत. त्यांच्यात एक निळ्या शेल्याची आहे, सगळ्यांत कडेला. ती माझी आई."

कोणीतरी हमखास विचारायचं, "तुम्ही पाहिलीय का आजी?"

"मी कशी पाहणार? मी बाई आहे."

हे ती इतक्या सहज म्हणायची की विचारणाराच ओशाळायचा. पण सहज वगैरे काही नव्हतं. आई गेली तेव्हा फेंग तीन वर्षांची होती. धाकट्या भावाला, खामसिंगला, जन्म देताना गेली. त्या काळी गावात कॅमेरा कुणी पाहिलेला नव्हता. आईचा चेहरा फेंगला आठवत नव्हता. आठवतो असं ती चारचौघांत सांगायची, पण ते सगळं बापाचं सांगणं होतं. आई गेल्यावर बापाने पुढचे दोन उन्हाळे आतल्या भिंती रंगवण्यात काढले. संध्याकाळी घरी येऊन कुंचले धुता धुता तो पोरीला दिवसाचा हिशेब द्यायचा. आज हत्तीचा कान झाला. आज ढोलवाला झाला. एके दिवशी म्हणाला, आज तुझ्या आईला काढली. एवढंच म्हणाला आणि कुंचले धूतच राहिला. त्या दिवसापासून बहात्तराव्या वर्षापर्यंत फेंगच्या मनात एकच गोष्ट होती, मरण्याआधी तो चेहरा एकदा बघायचा.

विहार नऊ वर्षं ओस पडला होता. शेवटचे भंते वारले, गावची तरणी पोरं कारखान्यांच्या मागे शहरात गेली, श्रामणेर म्हणून भिक्षूंकडे राहायला कुणी उरलं नाही. अंगणात गवत कमरेएवढं झालं. मग सांस्कृतिक खात्याची नुआनचान आली. तिशीची, बारीक चणीची, बोलायला मऊ, पण धरलेलं न सोडणारी. बाहेरची चित्रं बघून ती पहिल्या दिवशी जेवायचीच विसरली. तिच्या खटपटीने योजना मंजूर झाली, गवत निघालं, आठ घरांत पाहुण्यांची सोय झाली, खांबांवरच्या घरांखालचे माग पुन्हा खडखडू लागले. सरपंच थावी तर हवेतच होता. तो या गावचा जावई, विहार ओस पडल्यावर बायकोच्या गावी येऊन राहिलेला. त्यामुळे गावचा अभिमान त्याला जरा जास्तच.

आता योजनेचा पुढचा भाग होता, दालन आतून उघडायचं. चौथ्या महिन्याच्या मोठ्या उत्सवाला. नुआनचान स्वतःसुद्धा आजवर दगडांच्या आत गेली नव्हती. तिने जिल्ह्याच्या मोठ्या भंतेंना विचारलं. भंते म्हणाले की बुद्धाने असा नियम कुठे केल्याचं आपल्या वाचनात नाही, गावाने केला असेल तर गावाने उठवावा.

गावाने उठवला. सभेत हात वर झाले. एक हात खाली राहिला, तो खामसिंगचा. आणि किल्ली त्याच्याकडे होती.

खामसिंग एकोणसत्तर वर्षांचा, विधुर. शेवटचे भंते गेल्यापासून दालनाची राखण तोच करायचा. दोन्ही वेळ जेवायला बहिणीकडे असायचा. सभेनंतर तो जेवायला आला तेव्हा फेंगने चिकट भाताची टोपली त्याच्यासमोर ठेवली आणि झाकण काढलं नाही.

"हात का वर केला नाहीस?"

"छप्पर धड नाही. डोक्यावर पडेल कुणाच्या."

"बहात्तर वर्षांच्या डोक्यावर पडलं तर पडलं. तू तुझं डोकं सांभाळ."

"बाया आत गेल्या की जागा बाटते, ताई. उद्या कुणाला भिक्षू करायचं झालं, उपसंपदा द्यायची झाली तर?"

"नऊ वर्षांत किती दिल्यास रे? कोळी जाळी विणतात आत, त्यांना देतोस का?"

फेंगला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरत असे.

"तुला काय त्याचं. बाराव्या वर्षी चीवर घालून गेलास आत. आईच्या उशाशी झोपलास. मी दगडाशी उभी राहून तुला विचारलं होतं, कशी दिसते रे? आठवतं काय म्हणालास? म्हणालास, बाईसारखी. आणि पळालास. साठ वर्षं होत आली त्याला. तेवढंच मिळालं मला तुझ्याकडून."

खामसिंग न जेवता उठला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही आला नाही. फेंगने भाताची टोपली शेजारणीच्या हाती पाठवली, ती तशीच भरलेली परत आली. तेव्हा मात्र तिला जरा खटकलं. भाऊ रुसका होता खरा, पण पोटाशी वैर धरणारा नव्हता.

उत्सवाला पंधरा दिवस होते तेव्हा थावीने कुलूप तोडायची भाषा सुरू केली. त्या सकाळी खामसिंग आपणहून किल्ली घेऊन आला. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं खालीवर लागलेली. बहिणीकडे न बघता त्याने कुलूप काढलं, दोन्ही दारं ढकलली आणि बाजूला झाला.

फेंग दगडापाशी थांबली. तिने ठेवणीतला रेशमी शेला खांद्यावरून घेतला होता, हातात कमळाच्या कळ्या होत्या. थावी म्हणाला, "चला आजी, पहिला मान तुमचा." तिने पाऊल उचललं आणि परत ठेवलं. आयुष्यभराची सवय पायात असते. शेवटी नुआनचानने तिचा हात धरला आणि दोघी एकदमच आत गेल्या.

आत अंधार होता आणि वटवाघळांचा वास होता. समोर बुद्धमूर्ती, तिच्यापुढे विझून गेलेल्या मेणबत्त्यांचे थर. फेंगने गुडघे टेकले, तीनदा डोकं जमिनीला लावलं, कळ्या ठेवल्या. मग डोळे सरावले तशी ती डावीकडे वळली.

भिंत पांढरी होती.

ती उजवीकडे वळली. तीही पांढरी. कुठे कढई नव्हती, हत्ती नव्हता. ओल येऊन पिवळे डाग पडलेला, पोपडे धरलेला जाड चुना, जमिनीपासून वाशांपर्यंत.

"आजी," नुआनचान हळूच म्हणाली, "चित्रं याच दालनात होती ना?"

चुना बघता बघता तिला सगळं कळत गेलं, कुणी सांगायची गरजच पडली नाही. तो तिचाच चुना होता.

बाप गेला त्या वर्षीची गोष्ट. ती पंचविशीची होती. पावसाळाभर मागावर बसून तिने रेशमाची दोन लुगडी विणली होती, इतकी बारीक की व्यापाऱ्याने हात धुऊन मग हात लावला. त्या दोन लुगड्यांच्या बदल्यात तिने बैलगाडीभर चुना आणवला. आई-बापाच्या नावाने दालनाची डागडुजी, याहून मोठं पुण्य एका बाईला कुठून मिळायचं? पोपडे पडलेत, गिलावा सुटलाय, असं पुरुषांनी सांगितलं होतं. तिने गाडी दगडांपाशी उतरवली आणि त्यांना बजावलं, आत सगळं पांढरंशुभ्र करा, एक डाग ठेवू नका. काम झाल्यावर भंतेंनी मंत्र म्हटले आणि तिने दगडांच्या बाहेर बसून आईच्या नावाने उदक सोडलं. चित्रं वगळून, असं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. आईच्या तोंडाला कुणी चुना फासेल असं कुणाच्या मनात येतं का? आणि पुरुषांना फेंग पुण्यासाठी चुना देतेय एवढं ठाऊक होतं. जुनाट, काजळलेली चित्रं झाकून पांढरंधोप करणं म्हणजे त्यांच्या लेखी जागेचा मानच. पुढे ती दगडाशी उभी राहून आतलं वर्णन करू लागली तेव्हा ज्याला त्याला वाटलं, आपण कशाला बोला, हिचा भाऊ सांगेल.

ती बाहेर आली. खामसिंग पायरीवर बसला होता. तो तिच्याआधी बोलला.

"माझ्या जोडीला चुना मारत होता तो सोनला म्हणाला, ही कडेची राहू दे, तुमची आई आहे. कुंचला माझ्या हातात होता. मी म्हटलं, नको, मारतो."

"का?"

"ती बघायची माझ्याकडे."

फेंग उभीच होती. तो जमिनीकडे बघत बोलत होता.

"बारा वर्षांचा होतो, ताई. पहिल्याच दिवशी मोठ्या पोरांनी दाखवली. ही तुझी आई, तुला जन्माला घालताना मेली. रात्री चटई टाकली की वरून बघायची. पाठ करायला बसलो की बघायची. बाप तर माझ्याशी कधी धड बोललाच नाही, तुला ठाऊक आहे. तुला मांडीवर घ्यायचा, मला नाही. मला वाटायचं, तो बोलत नाही ते तिला तिथे बोलायला ठेवलंय. मग तू चुना आणलास."

"आणि सत्तेचाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलास."

"हो."

"मी लोकांना सांगत होते. निळा शेला, सगळ्यांत कडेला. तू तिथेच झाडत असायचास. ऐकायचास."

"हो."

"मेल्या," ती म्हणाली. शिवी देण्याइतकाही जोर तिच्यात उरला नव्हता. ती घरी गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिने भात भिजत घातला नाही, आपल्यापुरताही नाही.

दुसऱ्या दिवशी नुआनचान तिच्या दारात येऊन बसली. चुना काढता येतो म्हणाली. सगळीकडे नाही, पण हळूहळू, बोटभर पात्याने, ओल्या कापसाने. खाली काय उरलंय ते काढल्याशिवाय कळणार नाही. थावीचा चेहरा पडला होता, उत्सवाची पत्रकं छापून झाली होती. पण त्याला वेगळीच काळजी होती आणि ती खोटी नव्हती.

"आजी, तो पुण्याचा चुना आहे. आई-बापाच्या नावाने दिलेला. उकरला तर दिलेलं परत घेतल्यासारखं नाही का होणार?"

फेंगने विड्याची पिंक अंगणात टाकली.

"सत्तेचाळीस वर्षं झाली. पोचायचं ते पोचलं असेल तिला," ती म्हणाली. "नसेल पोचलं तर मी पुन्हा विणीन. पोरी, तू काढ."

जागा कुणी दाखवायची हा प्रश्न होता. ती पाहिलेला एकच माणूस जिवंत होता. खामसिंग दारापर्यंत आला, उंबऱ्यावरूनच बोट दाखवलं. डाव्या भिंतीच्या टोकाला, पोथ्यांच्या मोठ्या पेटीच्या वर, हातभर उंचीवर. आत यायला त्याने मान हलवून नकार दिला.

तीन दिवस नुआनचान पेटीशेजारी स्टूल टाकून काम करत होती. फेंग चटईवर बसून राहायची. खामसिंग पायरीवर. दोघांमध्ये एक शब्द होत नव्हता. पहिल्या दिवशी अंबाड्याचा काळा गोल निघाला आणि फेंग चटईवरून पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी खांद्यावरच्या शेल्याचा निळा निघाला, निळीचा खरा निळा, इतका ताजा की नुआनचान स्वतःशीच हसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा हात थांबला. ती स्टुलावरून उतरली आणि फेंगसमोर येऊन बसली. तिच्या तळहातावर चुन्याचे पापुद्रे होते.

"आजी, मी थांबते. तुमच्या वडिलांनी चेहऱ्याच्या रेघा झाडाच्या डिंकात काढल्यात, शेवटी, सगळं वाळल्यावर. त्या चुन्याला धरून निघतायत. अर्धा चेहरा मोकळा केला. खाली काही नाही."

फेंग उठली, भिंतीपाशी गेली. अंबाडा होता, कानाची पाळी होती, मानेची रेघ होती. मध्ये लांबट गोल, अर्धा फिकट मातकट, अर्धा अजून चुन्याखाली. डोळे नव्हते, नाक नव्हतं. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं कोरं. तिने ते नीट बघितलं. बघण्यासारखं काही नव्हतं तरी बघितलं, कारण जन्मभर तेच बघायचं होतं. मग तिने भिंतीकडे पाठ केली आणि रडली. तोंडावर शेला न घेता, लहान मुलीसारखी. नुआनचानही रडली. तिला वाटत होतं की आपणच तो चेहरा पुसला, आणि ते काही अगदी खोटं नव्हतं.

बाहेर खामसिंगने रडणं ऐकलं. त्याला कळायचं ते कळलं.

चौथ्या दिवशी थावीने पाच माणसं आणली. उत्सवासाठी दालन झाडायचं तर पोथ्यांची पेटी हलवायला हवी होती, नाहीतर धूळ सगळी ताडपत्रांवर बसली असती. पेटी सागवानाची, माणसाच्या छातीएवढी उंच. छप्पर गळायचं म्हणून कुठल्याशा जुन्या भंतेंनी ती या कोपऱ्यात आणून ठेवली होती, आणि तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. पाच जणांना ती हलवेना. थावी दाराकडे वळून म्हणाला, "काका, नुसते बसताय काय, खांदा द्या जरा."

हे एवढ्या साधेपणाने म्हटलं की खामसिंग उठून आत आला. सहाव्या खांद्याने पेटी हलली, फरशीवर करकरत बाजूला झाली.

पेटीमागे चुना नव्हता.

चुना मारणाऱ्यांनी पेटी सरकवायचा कंटाळा केला होता. कुंचला पोचला तिथवर पांढरं, आणि त्याच्या आत पेटीएवढा चौकोन, बापाने सोडला होता तसाच. लाल जमीन, पिवळं गवत. निळ्या शेल्याचं खाली आलेलं टोक. लुगड्याच्या निऱ्या. निऱ्यांना घट्ट धरून उभी असलेली एक पोरगी, बुटकी, हनुवटी वर केलेली, मिरवणुकीपेक्षा आपलंच कौतुक असलेली. आणि तिच्या वर, शेल्याखाली, मोठं पोट. भरल्या महिन्यांचं. पोटावर आईचा हात होता, बोटं पसरून ठेवलेला, दार लावताना आपण हात ठेवतो तसा.

माणसं पेटीला धरून उभी राहिली.

फेंगने आधी पोरगी बघितली आणि ओळखली. मग हात बघितला. मग तिने हिशेब केला. बापाने हे काढलं तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं. ज्या पोराने बायको नेली असं सगळं गाव म्हणत होतं, ज्याच्याशी घरी शब्द बोलवत नव्हता, त्याला बापाने इथे येऊन तिच्या हाताखाली ठेवला होता.

"खामसिंग," ती म्हणाली. पायरीवरच्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा. "इकडे ये."

तो आला. वय झालेल्या माणसाला खाली बसायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याने घेतला. भिंतीसमोर गुडघ्यांवर बसला.

"ही मी," ती म्हणाली. "आणि हा तू."

तो बघत राहिला.

"पेटी होती इथे," अखेर तो म्हणाला. "मी आलो तेव्हापासून पेटी होती, ताई. मला हे कधी दिसलंच नाही. मला नुसता चेहरा दिसायचा. मान अशी खाली घातलेली. मला वाटायचं..."

फेंगने त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग गेला नव्हता तिचा. तो इतक्यात जाणारही नव्हता, आणि जावा असं तिला वाटतही नव्हतं. पण हात ठेवला तो तिने उचलला नाही. थावीने माणसांना खुणेने बाहेर नेलं, नुआनचानही गेली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, कोणीतरी आजीला शोधत होतं.

ती भावाशेजारी खाली बसली. वर कोरा चेहरा होता, खाली हात.

"आता सांग," ती म्हणाली. "बाईसारखी म्हणून पळू नकोस. कपाळापासून सुरू कर."

खामसिंगने बाहीने नाक पुसलं. भिंतीवर वर बघितलं, जिथे काही नव्हतं.

"कपाळ मोठं होतं," तो म्हणाला. "तुझ्यासारखं. भुवया बारीक. डावी जरा वर गेलेली."

फेंगने डोळे मिटून घेतले, आणि तो सांगत गेला.